वासाची भूल की सुईची

चिमीचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि घरात जो तो डॉक्टर झाला. ऑपरेशन तसं किरकोळ. सकाळी जायचं, संध्याकाळी पोर कडेवर घेऊन घरी यायचं. पण भूल द्यायचे प्रकार दोन होते, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी निवड आईबापांवर सोडली होती. तिथेच सगळी पंचाईत झाली. माणसाला हुकूम दिला तर तो कुरकुरतो, पण निवड दिली की त्याची झोपच उडते.

डॉक्टरीणबाईंनी आदल्या आठवड्यात नीट समजावून सांगितलं होतं. एक वासाची भूल. तोंडावर मास्क धरायचा, मूल चार श्वास घेतं आणि झोपतं. सुई लागते ती झोपल्यावर, त्यामुळे त्याला कळत नाही. मात्र उठताना काही मुलं कावरीबावरी होतात, आईलासुद्धा ओळखत नाहीत, आकांत मांडतात. दुसरी सुईची. जाग्या मुलाच्या हातात सुई लावायची, तिच्यातून दुधासारखं पांढरं औषध सोडायचं. जाताना ते शिरेत चुरचुरतं, पण मूल बहुधा शांत उठतं आणि ओकाऱ्याही कमी होतात.

"आमच्याकडे वर्षभर दोन्ही औषधांची तुलना चालू आहे," त्या म्हणाल्या होत्या. "कुठल्या भुलीनंतर मुलं कशी उठतात ते बघतोय. अजून तरी एक सरस आणि दुसरं निरस असं मला छातीठोक सांगता येत नाही. दोन्ही चांगली आहेत. तुमच्या मुलीचा स्वभाव तुम्हाला माहीत."

स्वभावाचं म्हणाल तर चिमी पाच वर्षांची होती आणि लस टोचणाऱ्या सिस्टरला ती चावली होती. म्हणून चिमीच्या आईचं, म्हणजे घरच्या लेकीचं, मत वासाकडे. जावई, चिमीचा बाप, लिफ्ट दुरुस्त करणारा. दोर, ब्रेक, दार सगळं दोनदा तपासल्याशिवाय माणूस आत सोडायचा नाही, हा त्याचा खाक्या. तो चार दिवस फोनमध्ये डोकं घालून बसला आणि शेवटी म्हणाला की सुईची बरी, पोरगी आपल्याला ओळखणार नाही हे आपल्याला झेपणार नाही. नवराबायकोंत त्यावरून दोन दिवस अबोला झाला.

निकाल दिला तो अण्णांनी. अण्णा, म्हणजे लेकीचे वडील, जन्मभर वजनकाट्यावर बसलेले. ट्रक काट्यावर चढला की ते आकडा सांगत, आणि तो आकडा खोडून काढायची कुणाची छाती नसे. निवृत्त झाले, ट्रक गेले, आकडा सांगायची सवय तेवढी राहिली.

"वास द्या," अण्णा म्हणाले. "वासानं कुणाचं काय वाईट झालंय? उगाच लेकराला कशाला टोचायचं?"

विषय संपला. अण्णांच्या बायकोला, माईला, कुणी विचारलं नाही. विचारतील असं तिलाही वाटलं नव्हतं. त्या घरात मुलांच्या दुखण्याखुपण्यावर माईनं बोलायचं नाही, हा कायदा फार जुना होता. का झाला ते कुणी उगाळत नसे, पण पाळत सगळे होते. लेक तर तो कायदा झाला तेव्हा पाळण्यात होती, तिला तो आईचा स्वभावच वाटे. आपली आई अबोल आहे असं ती मैत्रिणींना सांगत असे. माई अबोल नव्हती. बेकरीत पाव भरायच्या कामावर होती तेव्हा तिच्या गप्पांपायी मालकाला दोनदा ओरडावं लागलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सगळे सकाळीच पोचले. जागा लहान होती, पण नवी आणि झकपक. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, भिंतीवर मुलांची उंची मोजायला रंगवलेला जिराफ, आणि टोकाला दोन झडपांचं दार, त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं की इथून पुढे कुणी येऊ नये. चिमी उपाशी होती. तिनं एकदा आईकडे, एकदा बापाकडे आणि एकदा त्या जिराफाकडेही बिस्किट मागून पाहिलं.

डॉक्टरीणबाई आल्या. चिमीशी फुग्यांबद्दल बोलल्या, तिचा हलणारा दात बोटानं चाचपून पाहिला, मग लेकीला एकेक विचारायला लागल्या. सर्दी? खोकला? कुठल्या औषधानं अंगावर काही उठतं? सगळ्याला नाही, नाही, नाही.

"घरात कुणाला भुलीचा कधी त्रास झाला होता?"

"नाही. माझं बाळंतपण सिझर होतं, पण तेव्हा पाठीत इंजेक्शन दिलेलं. मी जागीच होते."

"तुमची भावंडं?"

"एक भाऊ होता. मी तान्ही असतानाच गेला. तापानं."

"कसला ताप?"

लेकीनं वडिलांकडे पाहिलं. तिला कसं माहीत असणार?

"साधाच," अण्णा म्हणाले. "थंडीवाऱ्याचा."

शेजारी बसलेल्या माईचं तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पण 'साधाच' हा शब्द तिच्या छातीत अडकला आणि तो बाहेर काढायला म्हणून तोंड उघडलं, इतकंच. अण्णांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते मिटलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्या पिढीत तापानं गेलेलं एखादं मूल बऱ्याच घरांत सापडतं.

मग लेकीला हिरवी टोपी घालून चिमीबरोबर आत नेलं. थोड्याच वेळात ती टोपी हातात चुरगळत एकटी बाहेर आली. "चार श्वाससुद्धा घेतले नाहीत गं," ती म्हणाली. "फुगा फुगव म्हणाल्या आणि डोळे फिरलेच तिचे. माझं बोट धरलं होतं, ते सुटलं." जावई तिला घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. खुर्च्यांवर अण्णा आणि माई उरले.

आता बाब्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बाब्या त्यांचा थोरला. चिमीएवढाच होता. टॉन्सिल फार त्रास द्यायचे म्हणून काढायचे ठरले. आदल्या संध्याकाळी तो चिखलात लोळून आला, अगदी ओळखू येऊ नये इतका. अशा ध्यानाला डॉक्टरपुढे कसं न्यायचं म्हणून माईनं त्याला आंघोळ घातली. सकाळी तो दोनदा शिंकला. मग त्याला आत नेलं. बऱ्याच वेळानं एक डॉक्टर बाहेर आला, घामानं भिजलेला, आणि म्हणाला की एकाएकी ताप चढला, डोक्यात गेला, आम्ही खूप प्रयत्न केले.

चादरीत गुंडाळून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. मेलेलं माणूस गार पडतं असं ती ऐकून होती. बाब्या पोळत होता. म्हणून तो गेलाय हे तिला पटेचना. तिनं त्याला पोटाशी धरायला पाहिलं, तर तो वाकेना. तिनं चमचा मागवला आणि पाणी पाजायला त्याचं तोंड उघडायचा प्रयत्न केला. दात एकमेकांवर असे बसले होते की चमचा वाकला, पण तोंड उघडलं नाही. केसांना कसला तरी गोडसर वास येत होता.

सगळे नातेवाईक जमलेले असताना अण्णा म्हणाले, "हिनं काल त्याला गार पाण्यानं आंघोळ घातली. सर्दी भरलेलं पोर हिनं टेबलावर पाठवलं."

"पाणी कोमट होतं," माई म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली नाही. वर्ष गेलं, दोन गेली, आणि पाणी खरंच कोमट होतं की आपल्यालाच तसं वाटायचं, हे तिचं तिलाही सांगता येईना. अण्णांनी त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. कुणी विचारलं तर 'बाब्या तापानं गेला' एवढंच सांगायचं, असं ठरवून टाकलं. बायकोची अब्रू झाकल्याचा मोठेपणा होता त्यात. आणि सांगायची गोष्ट म्हणजे माईला ते उपकारच वाटत आले. ऑपरेशन हा शब्दच त्या वाक्यातून गळून पडला, तो कायमचा.

असो. तर दोघं खुर्च्यांवर बसले होते. झडपांचं दार उघडलं आणि एका मुलाला बाहेर आणलं. त्याचं ऑपरेशन चिमीच्या आधीचं. बापाच्या हातात ते मूल मासोळीसारखं उसळ्या मारत होतं, लाथा झाडत होतं. बाप त्याला नावानं हाका मारत होता आणि ते त्याच्याकडे परक्यासारखं बघून आणखी किंचाळत होतं.

"सिस्टर, अंग बघा हो कसं तापलंय," बाप रडकुंडीला येऊन म्हणाला.

सिस्टर बोलकी होती. "रडून तापलंय ते. वासाची भूल उतरताना होतं असं काहींना. थोड्या वेळानं हसेल बघा तुमच्याकडे. आणि वासाचा ताप असता तर मी अशी गप्पा मारत उभी राहिले असते का?"

बाप मुलाला घेऊन आतल्या खाटांकडे गेला. माईनं सिस्टरचा हात धरला. "वासाचा ताप म्हणजे?"

"अहो आजी, ते हजारोंत एखाद्याला होतं. मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही, शिकताना ऐकलं तेवढंच. अंगात जन्मापासून खोट असते, आईबापाकडून आलेली. एरवी धडधाकट असतात, पत्ताही लागत नाही. त्या वासानं मात्र अंग भट्टीसारखं पेटतं, लाकडासारखं ताठ होतं, जबडा बसतो. म्हणून तर घरच्यांना आधी विचारून घेतात. तुम्हाला विचारलं ना?"

"विचारलं," माई म्हणाली.

सिस्टर पुढे गेली. माईच्या कानात दडे बसले. समोरचा जिराफ, खुर्च्या, दार, सगळं जागच्या जागी होतं आणि तरी तिला काही दिसत नव्हतं. लाकडासारखं. जबडा. तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं की तो चमचा वाकला होता. कुणी विचारलंच नव्हतं. मग या परक्या बाईला ते कसं ठाऊक? आणि ती आईबापाकडून म्हणाली. म्हणजे बाब्याला होतं तर लेकीत असेल, आणि लेकीत असेल तर आत त्या टेबलावर, या क्षणाला, चार श्वास घेऊन झोपलेल्या चिमीत.

ती उठली. अण्णांनी मनगट धरलं. "कुठे निघालीस?"

"बाब्या ताठ झाला होता. तुम्ही उचललात त्याला तेव्हा तो तुमच्या हातात वाकत नव्हता."

"ताप होता त्याला."

"ताठ होता का नव्हता ते सांगा."

"खाली बस," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "आत पोरीवर सुरी चालू आहे. तू दारावर जाऊन भलतंसलतं बरळणार, त्यांचा हात हलला म्हणजे? नको तिथे नाक खुपसू नकोस. एकदा केलंस तेवढं पुरे झालं."

एकदा केलंस. इतक्या वर्षांत हे त्यांनी तोंडानं म्हटलं नव्हतं, कारण म्हणायची गरजच पडली नव्हती. माई मटकन खाली बसली. आपण अडाणी, आपल्याला काय कळतं, आपण एक लेकरू घालवलेली बाई. सिस्टर काहीतरी सांगते आणि आपण त्याला आपलं दुखणं चिकटवतो. खरं असतं तर अण्णांना कळलं नसतं का? ती बसून राहिली. ती बसून राहिली ते क्षण पुढे कुणीही तिला माफ केले असते, पण तिनं स्वतःला जन्मभर केले नाहीत.

मग तिला वाटलं, समजा मी वेडी आहे. वेडी ठरले तर काय होईल? लोक हसतील, हे महिनाभर बोलणार नाहीत. आणि वेडी नसले तर?

तिनं मनगट हिसडलं. बांगडी अण्णांच्या बोटांत अडकून निसटली आणि घरंगळत खुर्चीखाली गेली. माई त्या दाराकडे धावली. धावली म्हणजे काय, तिच्या गुडघ्यांना जमलं तितकं. दोन्ही तळव्यांनी तिनं दार बडवलं.

"आजी, आजी, काय करताय?" तीच सिस्टर मागून आली. "आत जाता येत नाही, चपला तरी..."

"माझा मुलगा टेबलावर गेला," माई म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. वास दिला होता. लाकडासारखा ताठ झाला होता. तोंड उघडत नव्हतं, चमचा वाकला माझा. मेल्यावरसुद्धा पोळत होता. आत आहे ती त्याची भाची आहे. जा आणि सांग त्यांना. माझ्याकडे बघत उभी राहू नकोस, जा."

सिस्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं टोपी घातली नाही, मास्क लावला नाही. दार खांद्यानं ढकलून ती आत गेली.

आवाज ऐकून लेक आणि जावई पायऱ्यांवरून आत आले होते. शेवटचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. आता दारापलीकडून पळापळीचे आवाज यायला लागले. कुणीतरी फोनवर मोठमोठ्यानं औषधाचं नाव सांगत होतं, ते अक्षर अक्षर करून पुन्हा सांगत होतं. एक माणूस बर्फाच्या पिशव्या छातीशी धरून धावत आत गेला.

"बर्फ कशाला?" लेक म्हणाली. "बर्फ कशाला नेतायत?" आणि ती भिंतीला पाठ घासत खाली बसली.

जावई माईसमोर उभा राहिला. तो भला माणूस, सासूला कधी उलट बोललेला नाही. "माई, मी चार दिवस डोळे फोडून वाचत होतो," तो म्हणाला. "ओकारी कशानं होते, रडतात कशानं, सगळं. आणि हे एवढं एक वाक्य तुमच्याजवळ होतं." तो वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मगाशी डॉक्टर विचारत होत्या," लेक खालूनच म्हणाली. "तू माझ्या शेजारी बसली होतीस. का नाही बोललीस, माई?"

"मला वाटलं, तो माझ्यामुळे गेला."

"तुझ्यामुळे म्हणजे?"

"आदल्या दिवशी मी त्याला आंघोळ घातली होती. त्यानं त्याला सर्दी झाली, सर्दीचा ताप आला, असं."

लेक तिच्याकडे बघत राहिली. रागानं तिचं तोंड वाकडं झालं होतं, ते तसंच राहिलं, पण राग कुणावर धरायचा ते तिला कळेना. "हे कुणी सांगितलं तुला?"

अण्णा खुर्चीवर होते तिथेच होते. एरवी आकडा सांगायला एवढे पुढे असणारे अण्णा, आता मान वर करत नव्हते. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं.

पुढचा वेळ कसा गेला ते विचारू नका. कुणी कुणाला पाणी विचारलं नाही, की कुणी कुणाच्या जवळ बसलं नाही. माई दारापाशीच उभी होती. देवाला काही कबूल करावं म्हटलं तर कबूल करायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. बाब्याच्या वेळी ती सगळं कबूल करून मोकळी झाली होती. तिनं एकच धरून ठेवलं होतं, की आतून घामेजलेला डॉक्टर बाहेर यायला नको. दार हललं की ती आधी येणाऱ्याचं कपाळ बघायची. मोठ्या हॉस्पिटलातून कुणी एक खोकं घेऊन आला, दार हललं. दुसरी सिस्टर रिकाम्या हातानं बाहेर येऊन पुन्हा आत गेली, दार हललं. ती सिस्टर कुणाकडे बघत नव्हती, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. मास्क गळ्यात, कपाळावर केस चिकटलेले. घामेजलेल्याच होत्या. माईनं भिंत धरली.

"आहे," डॉक्टरीणबाई आधी म्हणाल्या. "आहे ती. ऐका. वास तेव्हाच बंद केला. दुसरं यंत्र लावलं. आता सुईची भूल चालू आहे, ती अशा मुलांना चालते. याच्यावर जो उतारा असतो ते औषधही मिळालं, दिलंय. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा चढलेला आकडा उतरतोय, चढलेली नाडीही उतरतेय. ऑपरेशन मी करू दिलं नाही. आज घरी जाता येणार नाही, मोठ्या हॉस्पिटलात ठेवावं लागेल."

"जगेल ना?" जावयानं विचारलं.

"जगेल असं वाटतंय मला." मग त्या माईकडे वळून बोलल्या, जणू बाकी कुणी तिथे नव्हतंच. "घशात श्वासाची नळी घालताना तिचा जबडा जरा घट्ट लागला होता मला. झोप अजून हलकी असेल असं मी धरलं. म्हणून वास वाढवला. कमी नाही केला, वाढवला. ताप अजून चढलाच नव्हता. ताप या दुखण्यात शेवटी येतो. मी त्याची वाट बघत बसले असते तर फार उशीर झाला असता."

माईला त्या वेळी त्या बाईबद्दल माया वाटली, आणि त्या जुन्या डॉक्टरबद्दलसुद्धा, ज्याचा चेहराही तिला आता आठवत नव्हता.

"बाई," अण्णांचा आवाज आला. ते उठून जवळ आले होते, पण आवाज लांबून आल्यासारखा होता. "आदल्या दिवशी गार पाण्यानं आंघोळ घातली तर असं होतं का?"

"चिमीला घातली होती?"

"नाही. कुणालाही घातली तर."

"नाही हो. आंघोळीचा काय संबंध? हे रक्तातून येतं. तुमच्या मुलाला तुम्हा दोघांपैकी एकाकडून आलं. तिथूनच तुमच्या मुलीला, आणि तिच्याकडून चिमीला. सगळ्यांचं रक्त तपासायला पाठवावं लागेल. रिपोर्टला दोन महिने तरी लागतात."

"त्याला वासाऐवजी सुईची दिली असती तर?" माईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातला मास्क सोडवला. मग म्हणाल्या, "आजी, त्या काळी फार थोड्यांना हे ठाऊक होतं. पण दिली असती तर बहुतेक वाचला असता."

लेकीनं हे ऐकलं आणि ती उठून माईजवळ आली. माईच्या मनगटावर हिसडल्याचा लाल वळ उठला होता, त्यावर तिनं आपला हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

चिमी उठली ती मोठ्या हॉस्पिटलात, ऊन कलल्यावर. वासाचा अंमल म्हणा की नंतरच्या औषधांचा, पण ज्याला घरातले सगळे घाबरत होते ते झालंच. तिनं डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि ओळखलं नाही. "तू नको, तू नको," म्हणत तिनं नळ्या ओढल्या, सिस्टरला लाथ मारली, आणि घसा फुटेस्तोवर किंचाळली. मागे ज्याच्यावरून दोन दिवस अबोला झाला होता ते हे दृश्य. लेक आणि जावई खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून ते बघत होते, आणि दोघांच्याही डोळ्यांना धार लागली होती. माई पायथ्याशी उभी होती. तिनं चिमीच्या पावलाला हात लावायला बोटं पुढे केली, मागे घेतली, पुन्हा पुढे केली. शेवटी धीर करून लावली. पाऊल कोमट होतं, कुठल्याही लेकराचं असतं तसं. आणि पाय गुडघ्यात छान वाकत होता, कारण दुसरी लाथ माईलाच बसली.

थोड्या वेळानं पोरगी दमून झोपली. माई बाहेर आली. व्हरांड्यात अण्णा एकटेच उभे होते. त्यांना लेकीनं आत बोलावलं नव्हतं आणि त्यांनीही आत जायचा हट्ट केला नव्हता. माईची बांगडी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी पुढे केली. माईनं घेतली, पण घातली नाही.

"माझ्याकडून आलं असेल का गं?" अण्णा म्हणाले.

माईनं नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस कधीतरी असा समोर उभा राहील, हे तिनं रात्री-अपरात्री कितीदा मनात रंगवलं होतं. तेव्हा आपण काय काय बोलू, तेही ठरवलं होतं. आता त्यातलं काहीही आठवेना. तिला त्यांची कीव आली नाही, आनंदही झाला नाही. फक्त फार दमल्यासारखं झालं, आणि पाणी कोमटच होतं हे पहिल्यांदा पक्कं आठवलं.

"असेल," ती म्हणाली. "नाहीतर माझ्याकडून. रिपोर्टमध्ये कळेल."

"दोन महिने आहेत त्याला. माझ्याच्यानं नाही निघायचे गं. माझ्यामुळे गेला असेल, असं घेऊन कसं जगायचं माणसानं?"

"जगता येतं," माई म्हणाली. "मी इतकी वर्षं वागवलं. दोन महिने तुम्ही वागवा."

आणि ती चिमीजवळ बसायला आत गेली.